आवाजाला अस्तर

आमच्या घरातल्या गिटारच्या अँप्लिफायरने सफारी सूटचं कापड घातलेलं होतं. हे कोणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी काहीतरी अलंकारिक बोलते आहे. तसं काही नाही. राखाडी, बारीक रेघांचं, चांगलं जाड सफारीचं कापड होतं ते, एका गिऱ्हाइकाच्या सुटातून उरलेलं. माझा चुलतभाऊ गोपीअण्णा एका सरकारी कारखान्यात रेडिओच्या विभागात होता. त्याने एस. पी. रोडवरून जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि आणखी काय काय गोळा करून ते यंत्र जोडलं, आणि कापडाच्या गाठींबरोबर येणाऱ्या फळ्यांची पेटी ठोकून तिच्यात बसवलं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती पेटी सगळीकडून पाहिली आणि म्हणाले, "आपण शिंपी लोक. आपल्या घरात असं नागडं यंत्र ठेवायचं नाही." मग त्यांनी टेप काढून रीतसर माप घेतलं, कडांना पायपिंग लावलं, स्पीकरसमोर ब्लाउजचं टू बाय टू ताणून बसवलं, आणि व्हॉल्व्ह तापतात म्हणून पाठीमागे एक झडप ठेवून तिला टिचबटणं लावली. वाजवताना बटणं काढायची, यंत्र निवलं की लावायची. पुढे जे काही रामायण झालं ते या टिचबटणांमुळे. तिथे स्क्रू असते तर माझी हिंमत झाली नसती.

घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, वर खोल्या. आमचे पूर्वज इथे, कन्नड मुलखात, नेमके कोणत्या सरदाराबरोबर आले यावर घरात दोन मतं होती, आणि दोन्ही मतांचे लोक एकाच पंगतीला बसून वाद घालत. इतक्या पिढ्यांत मराठीत कन्नड असं काही मिसळलं होतं की शिवण कुठे आहे ते आम्हालाही दिसत नसे. थोडं म्हणायचं तिथे आम्ही स्वल्प म्हणायचो, बरं म्हणायचं तिथे सरी. माझा जावई निखिल पुण्याचा आहे, रोज महादेवपुऱ्याला कसल्याशा आयटी पार्कात जातो. लग्न ठरलं तेव्हा त्याने मला फार अदबीने विचारलं होतं, "आई, तुम्ही लोक मराठीच ना? म्हणजे बेसिकली?" मी म्हटलं, "बेसिकली मराठीच. वरून स्वल्प कन्नड." तेव्हापासून तो माझ्याशी जपून बोलतो. मुलगा चांगला आहे.

सकाळी घर जागं व्हायचं ते मशीनच्या आवाजाने. खाली अप्पांच्या मशीनला मोटर होती आणि ती चालू झाली की वरच्या खोलीत माझं यंत्र भुणभुणायला लागे. अप्पा लांब शिवण घालताहेत की बाही वळवताहेत हे मला त्या भुणभुणीवरून कळायचं. स्वयंपाकघरात आई उप्पिटासाठी रवा भाजत असे आणि भाजता भाजता खाली दुकानात सूचना देत असे. आईचं मत कोणी विचारायची पद्धत नव्हती, आणि ती विचारण्याची वाटही बघत नसे. या सगळ्यावर अक्काची देखरेख. अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर "वेळ मिळाला नाही" एवढंच सांगायची. तिच्या हातचा कषाय, म्हणजे मिरी-धण्यांचा काढा, घरात सर्दीपासून परीक्षेपर्यंत सगळ्यावर चाले.

मी हवाईयन गिटार वाजवायची. मांडीवर आडवं ठेवून, डाव्या हातात लोखंडी कांडी धरून तारांवर घसरवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. मुलींना हे वाद्य शिकवायला घरचे तयार होत, कारण ते मान खाली घालून वाजवावं लागतं. अप्पांनी मला शिकवणी लावली ती पुढे भजनात साथीला उपयोगी पडेल म्हणून. गिटारने भजनात काय साथ करायची ते शिकवणाऱ्या सरांनाही माहीत नव्हतं, पण अप्पांचा आणि त्यांचा स्नेह होता, म्हणून ते काही बोलले नाहीत.

आता यंत्राच्या पोटातली गोष्ट सांगते. बाहेर दोन बटणं होती, एक आवाज लहानमोठा करायचं, एक त्याचा गोडवा कमीजास्त करायचं. पण आत, तारांच्या जंजाळात, शेंगदाण्याएवढं एक तिसरं बटण होतं. त्याला मूठ नव्हती, नुसती खाच होती. त्याला प्रीसेट म्हणतात. ते फिरवलं की व्हॉल्व्हला झेपेल त्याहून जास्त आवाज आत ढकलला जातो, आणि मग घट्ट ब्लाउजची शिवण दंडावर ताणते तसा तो आवाज कडांनी ताणतो, खरखरतो, गुरगुरतो. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. त्यातली गंमत अशी की हलक्या हाताने वाजवलं तर काहीच होत नाही. जोर लावला की मगच शिवण करकरते. "परदेशात मुद्दाम करतात असं," गोपीअण्णा म्हणाला. "चांगला आवाज फाडायचा. लोकांना उद्योग नाहीत." ज्या पुस्तिकेवरून त्याने यंत्र जोडलं तिच्यात हे बटण दाखवलं होतं म्हणून त्याने बसवलं, आणि बसवल्यावर शून्यावर नेऊन कायमचं बंद केलं. "सुधाच्या गिटारचा आवाज दुधासारखा पाहिजे," तो म्हणाला.

कायमचं बंद करायचं म्हणजे त्यावर लाखेचा थेंब टाकायचा. कारखान्यात तसं करतात, बटण हलत नाही आणि कोणी हलवलंच तर लाख तडकून कळतं. घरात लाख नव्हती. "नेलपॉलिशही चालेल," असं गोपीअण्णा म्हणाला आणि माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे नव्हतं. आईकडे असायचा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात अक्का उठली, आपल्या खोलीत गेली, आणि फिकट गुलाबी नेलपॉलिशची बाटली आणून तिने गोपीअण्णाच्या हातावर ठेवली. अक्काची लुगडी जमिनीला टेकलेली असत आणि तिच्या पायाची बोटं आम्ही कोणी कधी पाहिली नव्हती. आईने तेवढ्यात आत जाऊन कॉफी टाकली.

आत हात घालण्याचे नियम गोपीअण्णाने मला पढवले होते, म्हणजे स्वतःच्या हुशारीचं प्रदर्शन करताना सांगून ठेवले होते. आधी वायर भिंतीतून काढायची. यंत्र बंद केलं तरी कंडेन्सरच्या पोटात वीज साठून राहते, ती उतरवायची, मीटर लावून उतरल्याची खात्री करायची. लोखंड आत न्यायचं नाही. आणि एवढं करूनही एकच हात आत घालायचा, डावा हात पाठीमागे धरायचा, म्हणजे चुकून झटका बसलाच तर तो एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाणार नाही. तो डावा हात पाठीशी धरून वाकून उभा राहिला की अक्का म्हणायची, "गोपी, वाढप्यासारखा उभा आहेस. भात वाढतोस की हुळी?" हुळी म्हणजे आमची आमटी.

आमच्या गल्लीच्या गणपतीला शेवटच्या संध्याकाळी आधी अप्पांच्या मंडळाचं भजन आणि मग ऑर्केस्ट्रा, असा रिवाज होता. ऑर्केस्ट्रा नंजुंडण्णांचा. ते अकॉर्डियन वाजवत आणि बारीक मिशीतून हसत. त्या वर्षी ते कोटाचं माप द्यायला दुकानात आले असताना मी वर वाजवत होते. अप्पांनी दंड मोजेपर्यंत ते ऐकत राहिले, मग मला खाली बोलावलं. बोलत ते कन्नडमधून, मी मराठीत सांगते.

"हुडुगीचा हात चांगला आहे," ते अप्पांना म्हणाले. हुडुगी म्हणजे मुलगी. मग माझ्याकडे वळले. "पण आवाज म्हणजे मोसरन्न."

मोसरन्न म्हणजे दहीभात.

"जेवणाच्या शेवटी दहीभात उत्तम," नंजुंडण्णा म्हणाले. "मला ऑर्केस्ट्रात पुळियोगरे पाहिजे. भातात चिंच पाहिजे, मिरची पाहिजे. शेजारी ट्रंपेट वाजत असताना तुझा दहीभात कोण खाणार? गणपतीला एक गाणं देतो तुला. लोकांच्या कानात शिरलं तर कायमची ये. नाही शिरलं तर बाबांच्या भजनात सुखाने वाजव."

"एक दिवस," अप्पा टेप गळ्यात टाकत म्हणाले. "देवाचं आहे म्हणून."

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि जगात मला दुसरं काहीही नको होतं. आता हसू येतं, पण नंजुंडण्णांच्या ऑर्केस्ट्रात, त्या निळ्या दिव्यांखाली, मान वर करून वाजवायचं यासाठी मी कोणाशीही लग्न करायला किंवा न करायला तयार होते. आणि मला माहीत होतं की माझ्या दहीभातात घालायची मिरची यंत्राच्या पोटात, गुलाबी थेंबाखाली, आहे.

त्याच दिवसांत अप्पांच्या मागेही एक काळजी लागली होती. त्यांचा आवाज चिरफळत चालला होता. खालच्या पट्टीत अजून गोड होता, पण वर जायला लागले की धागा तुटावा तसा तुटे. मंडळात श्रीधर नावाचा तरणाबांड गायक होता. तो अप्पांच्या मागे टाळ घेऊन फार नम्रपणे उभा राहायचा, आणि त्याची ती नम्रताच आमच्या आईला खुपायची. "अप्पांनी आता विश्रांती घ्यावी," असं लोक म्हणायला लागले होते. या गणपतीनंतर पुढे कोण गाणार ते ठरायचं होतं. अप्पा त्यावर बोलत नसत. सकाळ-संध्याकाळ अक्काचा कषाय पीत आणि बाही वळवता वळवता खालच्या आवाजात गुणगुणत. मला त्यांची काळजी वाटायची, नाही असं नाही. पण त्या वयात आपली काळजी आधी असते.

मी आईच्या विणकामाच्या प्लॅस्टिकच्या सुईचं टोक कानशीने घासून चपटं केलं. दुपारी अप्पा जेवून पडले, मोटर बंद झाली, की मी वायर काढायची, टिचबटणं उघडायची, वीज उतरवायची, मीटर बघायचं, डावा हात पाठीमागे धरायचा आणि सुईने प्रीसेट एवढासा फिरवायचा. मग सगळं बंद करून, वायर लावून, व्हॉल्व्ह तापायची वाट बघायची आणि एक तार छेडायची. पहिल्यांदा काही फरक कळला नाही. मग फिरवलं ते इतकं की यंत्र खिंकाळलं आणि खाली दुकानात कोणाच्या तरी हातून कात्री पडली. मग पुन्हा बंद, पुन्हा वीज उतरवणं, पुन्हा वाढप्यासारखं उभं राहणं. शिवणकामात दाबून ठेवलेलं कापड सोडतात तसं केसाकेसाने सोडत गेले, आणि एका दुपारी ती जागा सापडली. हलकं छेडलं तर दूध. जोर लावला तर तार नुसती वाजत नव्हती, बोलत होती, आणि रागावून बोलत होती. मी एकटीच हसत बसले.

मागे वळले तर दारात अक्का.

"डावा हात पाठीशी धरून कोणी गिटार वाजवत नाही," ती म्हणाली. मग जवळ येऊन तिने झडपेतून आत पाहिलं. गुलाबी थेंब तडकलेला होता. "गोपी गणपतीच्या आधी एकदा उघडून बघणार, माहीत आहे ना तुला?"

मी म्हटलं, "अक्का, तुमची ती बाटली."

"ती सुकली. दुसरी आहे." मग म्हणाली, "ऑर्केस्ट्राला मी पुढच्या रांगेत बसणार. आणि तू वाजवायचं ते गाणं मी सांगणार."

तिने सांगितलेलं गाणं जुन्या सिनेमातलं होतं आणि मास्तरणींनी ऐकावं असं मुळीच नव्हतं. त्याचं नाव लिहायचं नाही, असं मी तिला वचन दिलं होतं आणि ते अजून पाळते आहे. अक्काने स्वतः, चष्मा लावून, नव्या बाटलीतला थेंब टाकला. हा डाळिंबी होता. मी म्हटलं, आत अंधारच असतो, कोण बघतंय. जन्मभर शिंप्याच्या घरात वाढून मी हे म्हटलं, याचं मला आजही नवल वाटतं. गोपीअण्णाने मात्र गणपतीच्या आदल्या दिवशी उघडून पाहिलं, थेंब जागेवर आहे एवढं बघितलं आणि समाधानाने झडप लावली. पुरुषांना गुलाबी आणि डाळिंबी एकच असतं, शिंपी सोडून.

शेवटच्या संध्याकाळी मंडपात कोसंबरी, म्हणजे डाळीची कोशिंबीर, आणि गुळाचे कडबू वाटून झाले, भजनी मंडळ बसलं, आणि भाड्याने आणलेल्या लाउडस्पीकरच्या पेटीतून धूर आला. माइकवाला तिच्यावर झाकण आपटून बघत होता. लोक जमलेले, श्रीधर टाळ घेऊन नम्र उभा. अप्पा बिनमाइकचे गायले असते तर पहिल्या रांगेपर्यंतही आवाज पोचला नसता, आणि हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एकदा श्रीधरकडे पाहिलं. मला ते बघवलं नाही.

"काळजी कशाला?" गोपीअण्णा पुढे झाला. "सुधासाठी तापत ठेवलेलं आपलं यंत्र आहे की. माइक त्यालाच लावू. दुधासारखा आवाज येईल."

त्या यंत्रात आता दूध नव्हतं, हे फक्त मला आणि पुढच्या रांगेत बसलेल्या अक्काला ठाऊक होतं. बदलायला वेळ नव्हता, यंत्र तापलेलं, पोटात वीज भरलेली. सांगितलं असतं तर माझं गाणं गेलं असतं. न सांगता अप्पांचं भजन खिंकाळलं असतं. मी अक्काकडे पाहिलं. ती मला डोळ्यांनीच म्हणाली, गप्प बस. मी यंत्राशेजारी आवाजाचं बटण धरून बसले आणि गणपतीकडे बघायचं टाळलं.

अप्पांनी अभंग धरला. खालच्या सुरात आवाज साधा, गोड, नेहमीसारखा आला. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते वर निघाले. जिथे महिनोन् महिने धागा तुटत होता त्या जागी ते पोचले, तुटू नये म्हणून त्यांनी जोर लावला, आणि यंत्राने तो जोर उचलला. अप्पांच्या आवाजाच्या कडा जाड झाल्या. आत कुठेतरी एक गुरगुर उठली, म्हाताऱ्या पैलवानाने बसल्या जागी मांडी थोपटावी तशी, आणि चिरफळलेली जागा तिच्याखाली झाकून गेली. श्रीधरचा टाळ एक ठोका चुकला. अप्पाही क्षणभर दचकले, मग त्यांना ते आवडलं. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, अजून वर. मागच्या रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. पुढचं दासरपद, म्हणजे कन्नड भजन, तर त्यांनी असं म्हटलं की ट्रंपेटवाला पडद्याआडून बाहेर येऊन उभा राहिला. मी रडत होते, आणि ते भक्तीने रडते आहे असं समजून शेजारच्या बाईंनी मला प्रसाद दिला.

भजन संपल्यावर श्रेय घ्यायला गर्दी झाली. "माझा कषाय," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. गोपीअण्णा माइकवाल्याला समजावत होता की शुद्ध आवाज म्हणजे काय आणि त्यात काडीचीही भेसळ कशी नाही. श्रीधरने येऊन अप्पांच्या पायांना हात लावला, आणि या वेळी त्याच्या नम्रतेत काही खुपण्यासारखं नव्हतं. अप्पा यंत्राच्या सफारीवरून हात फिरवत म्हणाले, "हे आता मंडळाचं. उद्यापासून मंडळ बसतं त्या मठात राहील. गाण्याबजावण्यासाठी दुसरं बघू."

म्हणजे नंजुंडण्णांनी मला घेतलं तरी मी परत दहीभात. मी रागारागाने पडद्यामागे गेले आणि गिटार मांडीवर घेतलं. निळे दिवे लागले, ट्रंपेट वाजलं, माझी जागा आली आणि मी अक्काचं गाणं वाजवलं. पहिल्या कडव्यात हळू वाजवलं. दुसऱ्या कडव्यात मला ते यंत्र मठात कोपऱ्यात बसलेलं दिसलं आणि मी मान वर करून तारांना असा हात घातला की गिटारने डरकाळी फोडली. ट्रंपेटवाल्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मंडपाच्या मागून शिट्ट्या आल्या. आमच्या घराण्यात बाईमाणसाला शिट्टी मिळाली ती पहिलीच, आणि ती मी अजून विसरलेले नाही.

अप्पा पहिल्या रांगेत कॉफी पीत होते. त्यांचा पेला तोंडाजवळ थांबला. गुरगुर त्यांनी ओळखली. ती त्यांचीच होती, थोड्या वेळापूर्वी त्यांच्याच गळ्यातून निघालेली. ते पेला घेऊन उठले, स्टेजच्या मागून आले, यंत्रामागे वाकले आणि उघड्या झडपेतून, कशाला हात न लावता, बघत राहिले. कापडाची शेड उन्हात नेऊन बघावी असं सांगणारा माणूस, पण त्या दिवशी व्हॉल्व्हच्या तांबूस उजेडातही त्यांना थेंब गुलाबी नाही हे कळलं. ते सरळ झाले. पडद्याच्या फटीतून त्यांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं. गुडघे दुखतात म्हणून अक्काने पाय पुढे पसरले होते, आणि गाण्याच्या नादात लुगडं घोट्यापर्यंत सरकलं होतं. दहाही बोटं डाळिंबी.

गाणं संपल्यावर ते माझ्याजवळ बसले. "माझ्या आवाजाला अस्तर लावलंस होय?"

"तुमच्यासाठी नव्हतं लावलं, अप्पा," मी म्हटलं. "माझ्यासाठी लावलं होतं. तुम्ही मध्ये आलात."

त्यांनी कॉफी संपवली. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"चांगल्या कोटाला अस्तर असतंच," ते म्हणाले. "कोणी ते उलटून दाखवत नाही. पण शेड जुळवून लावावी, सुधा. बाहेरचं गिऱ्हाईक असतं तर काय म्हणालं असतं?" मग उठता उठता, "यंत्र घरीच राहू दे. मठात उंदीर आहेत."

नंजुंडण्णा घाम पुसत आले आणि फक्त एवढंच म्हणाले, "पुळियोगरे." मी त्यांच्याकडे लग्न होईपर्यंत वाजवलं, आणि नंतरही.

त्या दिवसापासून दर भजनाच्या दुपारी अप्पा दुकानातून ओरडून विचारत, "सुधा, आज अस्तर किती?" गिऱ्हाइकांना वाटे, कोटाचं चाललं आहे. गळा बरा असेल तर ते म्हणत, "पातळ लाव." सर्दी असेल तर, "कॅनव्हास घाल." मग मी डावा हात पाठीमागे धरून वाकायची. गोपीअण्णाला आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाही. शुद्ध आवाजावर तो जन्मभर बोलत राहिला आणि उदाहरण अप्पांचं देत राहिला.

अप्पा थकले तेव्हा दुकान बंद झालं होतं आणि मी जे. पी. नगरला राहायला आले होते. तरी गणपतीला यंत्र रिक्षात घालून मी गल्लीत जायचीच. एका वर्षी मी सुई घेऊन वाकले तर ते खुर्चीतून म्हणाले, "आज उसवून टाक. सगळं."

मी म्हटलं, "अप्पा, ऐकू जाणार नाही."

"सरी," ते म्हणाले. "उसव."

मी शून्यावर नेलं. ते गायले. आवाज जीर्ण मलमलीसारखा झाला होता, पलीकडचं दिसावं इतका, आणि मागच्या रांगांना खरंच ऐकू गेलं नाही. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कोणी सांगितलं नव्हतं, पण मागचे लोक खुर्च्या उचलून पुढे येत होते, पोरंटोरं पार स्टेजला टेकून बसली, आणि श्रीधर, ज्याचे आता केस पिकले होते, टाळ खाली ठेवून नुसता ऐकत राहिला. नंतर कॉफी पिताना त्यांनी मला विचारलं, "आलं ऐकू?" मी हो म्हटलं. ते बराच वेळ खूश होते. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी मात्र स्वल्प लाव. अगदी स्वल्प."

पुढच्या गणपतीला अप्पा नव्हते. यंत्र माळ्यावर गेलं. नंतर मी दुसरी यंत्रं वापरली, चांगली वापरली, पण त्या प्रीसेटला हात लावायचं मला कधी जमलं नाही. ते कुठे नेऊन ठेवायचं ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

परवा निखिलने ते माळ्यावरून काढलं. "आई, आता हे सगळं मोबाइलच्या ॲपमध्ये मिळतं, बट धिस इज समथिंग एल्स," असं म्हणत त्याने सुट्टीचा दिवस खर्चून जुने कंडेन्सर बदलले. मी त्याला सगळे नियम सांगितले, आणि आयटीतला तो माणूस डावा हात पाठीशी धरून वाढप्यासारखा माझ्यासमोर उभा राहिला. सफारीचं कापड अजून शाबूत आहे. अप्पांची शिवण कुठेही उसवलेली नाही.

"आई, हा आतला कंट्रोल एकदम झिरोला आहे," तो म्हणाला. "वाढवू का थोडा?"

मी वाकून पाहिलं, डाळिंबी थेंबाचा तुकडा अजून चिकटलेला होता.

"वाढव," मी म्हटलं. "स्वल्प. अगदी स्वल्प."

त्याने सुई फिरवली, झडप मोकळी ठेवली, वायर लावली. आम्ही व्हॉल्व्ह तापायची वाट बघितली. मग मी गिटार मांडीवर घेऊन अप्पांच्या अभंगाची पहिली ओळ हळू वाजवली, आणि जिथे ते वर जायचे तिथे जोर लावला.